हाताला बोट या मापाचं माहेर

साल दोन हजार पाच. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो. भादव्यातली पुनव होऊन गेली होती, गल्लीतल्या पोरींनी आमच्या ओसरीत भुलाबाई बसवली होती, आणि मी बायकोला तिच्या माहेरी नेण्याचा शब्द देऊन बसलो होतो. तिचं माहेर धरणाच्या पाण्याखाली जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

यंदाही भुलाबाई आली आहे. एका पोरीच्या बापानं ती घाटंजीच्या बाजारातून मोटरसायकलवर आणली. भुलोजी पुढं टाकीवर, भुलाबाई मागं पिशवीत. पोरी आता चारच उरल्या. गाणी पाठ नाहीत, मोबाईलमध्ये पाहून म्हणतात. म्हणेनात का. संध्याकाळी टिपऱ्या वाजल्या की मी खुर्ची ओढून दारात बसतो, आणि पोरी घरात जाऊन फळीवरून माझ्या हातचं ते लहान घर काढून आणतात. धूळ झटकायची नाही, ही माझी ताकीद आहे. वीस वर्षांची धूळ बसल्यावर ते घर आता कुठं खऱ्या घरासारखं दिसायला लागलं.

ज्यांच्याकडं ही चाल नाही त्यांना सांगतो. भुलाबाई म्हणजे पार्वती. ती महिनाभर माहेराला येते. मातीची बाहुली असते, शेजारी भुलोजी, म्हणजे महादेव. बायको माहेरी निघाली तरी नवरा पिच्छा सोडत नाही. रोज संध्याकाळी पोरी गाण्यांतून सासूला नावं ठेवतात, मग डब्यात झाकलेली खिरापत खुळखुळवून ओळखायला लावतात. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करतात, त्यात तिला बसवतात, आणि तिची पाठवणी होते. माहेर संपलं.

माझ्या बायकोचं नाव मंजुळा. हे नाव मी आता घेतो. ती होती तोवर कधी घेतलं नाही. हाक मारायची तर "अवो", नाहीतर "शोभाची माय". शोभा आमची एकुलती एक मुलगी, आर्णीला दिलेली. गल्लीतल्या सगळ्या पोरी भुलाबाईची गाणी मंजुळेकडून शिकल्या. कोणत्या गाण्यात सासू खपते आणि कोणत्यात नणंद, सगळं तिला पाठ. महिनाभर तिचा आवाज गल्लीत सगळ्यात वर असायचा. कोजागिरीला पाठवणीचं गाणं आलं की मात्र ती उठून आत जायची, दूध उतू जाईल म्हणायची. दूध चुलीवर ठेवलेलंच नसायचं.

मी गवंडी. आमच्याकडं मिस्त्री म्हणतात. शाळा चौथीपर्यंत, पुढं ओळंबा हाच मास्तर. घर मिस्त्री बांधतो असं लोक समजतात, पण आमच्या मुलखात घर कापूस बांधतो. दसऱ्यापासून वेचा सुरू झाला, कापूस ओसरीत, मग माजघरात, मग आढ्यापर्यंत चढला, आणि बरा भाव येऊन गाडीनं गेला, की मालक मला निरोप धाडायचा, "मिस्त्री, औंदा एक खोली काढू." त्या वर्षांत कापसानं घरं बांधणं सोडून दिलं. बी महाग, फवारा महाग, बोंडात अळी आणि बाजारात भाव नाही. गावोगाव माझ्या हातच्या भिंती चौकटीइतक्या येऊन थांबल्या. पावसाळ्यात त्यांच्या माथ्यावर गवत उगवायचं आणि बकऱ्या वर चढून ते खायच्या. एसटी त्या गावांवरून गेली की मी तोंड फिरवून बसत असे. काही घरांत पुढं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्या ओसऱ्यांवर मी चहा प्यालेला आहे, त्यावर मला लिहायचं नाही.

त्याच पावसाळ्यात मंजुळेच्या पोटात दुखू लागलं. आधी ओवा, मग गावचा डॉक्टर, मग यवतमाळ. यवतमाळच्या डॉक्टरनं मला एकट्याला बाहेर बोलावलं आणि म्हणाला, घरी न्या, जे आवडतं ते खाऊ घाला. मी आत येऊन तिला म्हटलं, "पोटात गॅस धरला म्हणते."

"आपल्या घरी त चूल हाय," ती म्हणाली आणि हसली. तिला सगळं कळलं होतं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी फुलावर आलेली. कापसाचं फूल पहिल्या दिवशी पिवळं असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होऊन मिटतं. ती पाहत राहिली, आणि तोंड न वळवता म्हणाली, "अवो, या भुलाबाईले मले मायेरी नेता का?"

"नेतो."

"पाण्यात?"

"नेतो म्हणलं ना."

"तुमी एक नंबरचे हेकट," ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. भर एसटीत. छत्तीस वर्षांच्या संसारात चारचौघांत तिनं ते कधी केलं नव्हतं.

मी हेकट आहेच. शब्द दिला की तो मी उभा केलेल्या भिंतीसारखा असतो, मला पाडता येत नाही. पण नेणार कुठं? पोरींनी भुलाबाई बसवली ती नुसत्या पाटावर. मी समोर बिडी ओढत बसलो होतो. मनात आलं, ही बाई माहेरी आली म्हणतात, पण माहेर कुठं आहे? नुसता पाट आहे. माहेर म्हणजे भिंती लागतात, चूल लागते, उंबरठा लागतो. आणि भिंती उभ्या करणं तर माझंच काम. हात रिकामेच होते. मंजुळेचं माहेर मी पाटावर मावेल एवढं बांधायचं ठरवलं.

आता अडचण ऐका. ते घर मी पाहिलं होतं, आणि पाहिलंही नव्हतं. मी त्या घरचा जवाई. जवाई गेला की ओसरीवर बाज टाकायची, तिच्यावर सतरंजी, तांब्याभर पाणी. सासरा घसा खाकरत शेजारी बसायचा. ताट ओसरीवर यायचं, पान ओसरीवर, आणि निघताना टोपी-उपरणंही ओसरीवरच. माजघराच्या दारापर्यंत माझी नजर जायची, त्यापुढं जवायानं पाहायचं नसतं. सासू म्हणजे मला डोक्यावरून ओढलेला पदर आणि वाढणारा हात. सगळं गाव उठलं त्या उन्हाळ्यात मी आर्णीकडं कामावर होतो. पोचलो तोवर साळ्यांनी कवेलू, म्हणजे कौलं, लाकूड, चौकटी काढून गाडीत भरल्या होत्या, भिंती पाडल्या होत्या, आणि उरला होता फक्त चौथरा. तो मी पावलांनी मोजला. ओसरी एवढी, माजघर एवढं, मागं स्वयंपाकघर. मिस्त्रीला चौथऱ्यावरून घराची लांबीरुंदी कळते. पण भिंतीत खिडकी होती की नव्हती, हे चौथरा सांगत नाही.

पुढं थोरला साळा गेला, धाकटा पोट भरायला कुठं परमुलखात गेला. सांगणारी एकच उरली होती, आणि ती बाजेवर पडून होती.

मापाचा प्रश्न मी असा सोडवला, की खऱ्या घराच्या एका हाताला इथं एक बोट. आमच्या जुन्या मिस्त्र्यांचा हिशेब चोवीस बोटांचा एक हात असाच आहे, म्हणजे घर चोवीसपट लहान झालं. ओसरीच्या खांबाला पाच हात लाकूड, तर इथं पाच बोटं. वाटलं, सोपं आहे. पहिली भिंत घातली, वाळली आणि तडकली. केसाएवढीच तड. पण त्या मापानं ती एवढी मोठी, की खऱ्या घरात तीतून साप शिरला असता.

घाटंजीला माझा दोस्त कादरभाई. सायकलीचं दुकान, आणि मोहरमचा ताजिया दरसाल त्याच्या हातचा. त्याला ती भिंत दाखवली. तो चष्मा कपाळावर चढवून पोट धरून हसला.

"मिस्त्री, तू असली माती लगाया क्या?"

"मग काय नकली लावू?"

"अरे बाप्पा, लहान घरात खरी वस्तू खोटी दिसते. तुझ्या मातीतला खडा इथं धोंडा होते. खरं दिसाले पायजे त सगळं बारीक कर. माती बारीक, लाकूड बारीक, आणि तुझं डोकंबी जरा बारीक कर."

चिडलो, पण ऐकलं. पांढरी माती मंजुळेच्या जुन्या लुगड्यातून गाळली. तिच्यात भुसा नको, गव्हाची काडी त्या घरात वासा दिसेल, म्हणून कापूस कात्रीनं बारीक कातरून कालवला. भिंत मग तडकली नाही. सागाच्या फळीच्या रेषा त्या मापात नांगरटीसारख्या दिसत, म्हणून आढं, वासे, चौकटी सगळं वाळल्या पऱ्हाटीचं केलं. पऱ्हाटीचं लाकूड आतून मऊ आणि रेषा नाजूक. त्या वर्षी कापसानं बांधलेलं माझ्या हातचं एवढं एकच घर. कवेलूंना कादरभाईनं सायकलची तार दिली. तारेवर माती लपेटायची, नखानं तिचे उभे दोन भाग करायचे, चुलीच्या राखेत भाजायचे. शेकड्यानं फुटले. मंजुळा बाजेवरून म्हणायची, "आमच्या बाबांनं बी एवढे कवेलू फोडले नसतीन."

घर उभं राहिलं तेव्हा ते कोऱ्या खणासारखं दिसत होतं. कादरभाई म्हणाला, "ये तो दुल्हन है. पुराना कर." मग मी पाऊस आठवला. पागोळी पडते तिथं जमिनीवर एक रेघ होते, आणि तिथून चिखल उडून भिंतीचा खालचा भाग तांबूस होतो. ते चहाच्या पाण्यानं केलं. खांब हात लागून जिथं गुळगुळीत होतो तिथं तेलाचं बोट फिरवलं. मोठ्या घरात ही सगळी कामं वर्षं करतात, लहान घरात मिस्त्रीलाच वर्षं व्हावं लागतं.

"मैं ताजिया बनाता," कादरभाई म्हणाला, "लोग खडे होके देखते. तेरा घर झुकके देखना पडेगा." मग डोळा मारून म्हणाला, "लेकिन मिस्त्री, तू जवाई आदमी. ससुराल का चूल्हा देखा कभी? मैंने तो मेरे ससुराल का आज तक नहीं देखा. खाना आता, चूल्हा नहीं आता."

तिथंच घोडं अडलं होतं.

रोज दुपारी ऊन कलतं झालं की मी पाट तिच्या बाजेशी न्यायचो आणि ती सांगायची. ओसरी, माजघर सरळ झालं. कोनाडा कुठं, उतरंड कुठं, पाळण्याची कडी कोणत्या तुळईला. बोलता बोलता तिचा चेहरा लहान पोरीचा व्हायचा. स्वयंपाकघराशी आली की मात्र तिचं सांगणं मला वेडंवाकडं वाटायचं.

"उंबरठा उजवीकडं घासला होता," ती म्हणे.

"उंबरठा मधे घासते. माणूस मधून जाते."

"आमचा उजवीकडं होता. खड्डाच पडला होता."

"बरं."

"चौकटीचा उजवा खांब काळा. खालून इतकाच." ती बसल्या माणसाच्या खांद्याची उंची दाखवायची. "आन् चुलीवरचा एक कवेलू सदा सरकवलेला. पावसात त्याच्याखाली पाणी झेलाले गंज ठेवे माय."

"सरकलेला असंन. बसवाले कोणी नाई मिळालं?"

"सरकलेला नाई, सरकवलेला."

हे सगळं मी केलं. गिऱ्हाईक सांगेल ते करायचं. उंबरठ्याला उजवीकडं चाकूनं खड्डा घेतला, खांबाला काळं लावलं, एक कवेलू तिरपा ठेवला. कशाचाच मेळ लागत नव्हता, पण केलं. भांडण झालं ते पुढं.

"चूल दाराजोळ," ती म्हणाली.

"दारात चूल? येणंजाणं कुठून?"

"होती."

"आणि खिडकी?"

"खिडकी नवती."

"असंन. तू विसरली."

"माह्या मायच्या घराले खिडकी नवती त नवती. तुमी होते काय तिथं?"

इथं मला माझ्या आईचं सांगावं लागतं. माझी आई बिनखिडकीच्या स्वयंपाकघरात आयुष्यभर धूर प्याली. म्हातारपणी तिचे डोळे असे झाले, की ताटातली भाकर हातानं चाचपून शोधायची. मी गवंड्याची करणी हातात धरली त्या दिवशी ठरवलं, माझ्या हातचं स्वयंपाकघर खिडकीवाचून होणार नाही. मालक म्हणत, चोर येईल, मांजर येईल, खर्च वाढेल. मी म्हणायचो, मग दुसरा मिस्त्री पाहा. दोन कामं मी याच्यापायी सोडली आहेत. मला खिडकीवाला मिस्त्री म्हणत, आणि मला त्याचा राग नव्हता. आमच्या घरात तर चुलीसमोर मी अशी खिडकी काढली, की सकाळचं ऊन परातीत पडतं. मंजुळा नवी सून होऊन आली तेव्हा पहिल्याच दिवशी त्या खिडकीत हात घालून उभी राहिली होती. म्हणाली होती, "इथं त धूरच नाई. चूल पेटली कसं समजाचं?"

आणि ती मला सांगत होती, बिनखिडकीचं स्वयंपाकघर बांधा. तळहाताएवढं असलं म्हणून काय झालं? हात तर माझेच.

"तुह्या मायले मी धुरात कोंडणार नाई," मी म्हणालो.

"कोंडलेलीच होती थे."

"माह्या हातून नाई."

तिनं कूस बदलली. मी मागच्या भिंतीत दोन बोटं रुंद खिडकी ठेवली, पऱ्हाटीच्या काड्यांचे गज बसवले, आणि खिडकीखाली मातीची इवलीशी चूल ठेवली. काम असं झालं होतं, की जत्रेत मांडावं.

आजही एखादा येणारा ते घर पाहून थांबतो. मागं यवतमाळहून एक माणूस आला, त्यानं मोबाईलमध्ये फोटो काढले आणि म्हणाला, आजोबा, स्वयंपाकघरात अंधार आहे, आत लहान बल्ब लावा, छान दिसेल. मी नाही म्हटलं. का, ते त्याला सांगितलं नाही.

कोजागिरी आली. शोभा आर्णीहून येऊन राहिली होती. पोरींनी अंगणात ज्वारीचे धांडे रोवून मांडव केला, वर पानांचे तुरे तसेच ठेवले. त्या साली पहिल्या वेच्याचा कापूस काही घरांत येऊन पडला होता, पोरींच्या परकरांना त्याचे धागे चिकटले होते. मांडवात पाट, पाटावर मंजुळेचं माहेर, आणि माहेराच्या अंगणात भुलाबाई, घरापेक्षा उंच. पोरी हसल्या, "भुलाबाई घरात मावतच नाई!" मंजुळा म्हणाली, "लगन झालेली पोरगी मायेरी मावत नसतेच." पोरींना ते कळलं नाही, हसतच राहिल्या.

शोभानं तिला उचलून मांडवाशी आणली, पाठीशी उशी दिली. चंद्र कौलांवर आला होता. मी छप्पर उचलता येईल असं केलं होतं. उचललं. तिनं आधी नुसतं पाहिलं. मग एक बोट आत घातलं, ओसरीवरून माजघरात, पाळण्याच्या कडीला लावलं, उतरंडीला लावलं, आणि स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर त्या उजवीकडच्या खड्ड्यात ठेवलं. तिथं तिचं बोट नीट बसलं. कितीतरी वेळ तिनं ते काढलंच नाही.

मी वाट पाहत होतो. कोणत्याही मालकानं घरात पाय ठेवताना मी एवढी वाट पाहिली नव्हती. हेच माझं माहेर, एवढं तिनं म्हणावं, मग मला काही नको होतं.

"घर लय साजरं झालं," ती म्हणाली. "पण माय दिसत नाई याच्यात."

"मातीची बाई करून बसवू का?"

"बाई नोको. तिले बसाले जागा नाई."

"चुलीपाशी एवढी जागा हाय!"

"तिथं बसली त पाठ दिसंन," ती म्हणाली.

मला राग आला. चार आठवडे डोळे फोडून केलेलं काम, आणि ही पाठ म्हणते नि पोट म्हणते. मी छप्पर ठेवलं आणि तोंड वळवलं. पोरींनी पाठवणीचं गाणं धरलं. त्या वर्षी मंजुळा उठून आत गेली नाही. आवाज उरला नव्हता, तरी शेवटपर्यंत ओठ हलवत राहिली. शोभा माझ्याकडं पाहून म्हणाली, "बाबा, रागावू नोका ना." मी म्हणालो, "मी कायले रागावतो?" आणि रागावून बसलो.

दोन दिवसांनी सकाळी मंजुळा गेली. शोभा तिला पाणी पाजत होती, पाणी तोंडातच राहिलं.

दुपारनंतर नदीवरून परत आलो. कादरभाई घाटंजीहून सायकल हाणत आला होता, माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसून राहिला. मेलेल्याच्या घरी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी पिठलं-भाकर आणली, ती कोणी खाल्ली, कोणी नाही खाल्ली. मी माजघरात बसलो होतो, जेवायला रोज बसायचो त्याच जागी. समोर स्वयंपाकघर. माझी खिडकी, खिडकीतून येणारा कलता उजेड, उजेडासमोर थंड चूल. चुलीपुढं कोणी नव्हतं.

मी तिला तिथं आठवून पाहिलं. आठवली. अंबाडा, पदराचा पीळ कमरेला खोचलेला, भाकर थापताना हलणारे खांदे. कितीही आठवली तरी पाठच आठवली. खिडकी पुढं, म्हणून चूल पुढं, म्हणून तिचं तोंड उजेडाकडं आणि पाठ माझ्याकडं. छत्तीस वर्षं मी जेवलो तो तिची पाठ पाहत जेवलो. डोळे तिचे शेवटपर्यंत निर्मळ राहिले, सुईत दोरा ओवायची. ते माझ्या खिडकीनं केलं, ते मी कोणाला नाकारू देणार नाही. पण तिचा भाकर करतानाचा चेहरा कसा असायचा, हे मला सांगता येत नाही.

माजघरातल्या गर्दीनं शोभाला गुदमरलं असावं. ती उठून स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर येऊन बसली, उजव्या बाजूला, चौकटीच्या खांबाला खांदा टेकून, तोंड माझ्याकडं. आणि मला ते दुसरं घर आतून दिसलं. खिडकी नाही. धूर भरला की माय जाणार कुठं? ती दाराशीच चूल मांडणार. अर्धी आत, अर्धी बाहेर, उंबरठ्यावर बसणार, उजव्या हाताला, म्हणून तिथं खड्डा. खांबाला टेकणार, म्हणून खांब खांद्याएवढा काळा. कवेलू सरकवणार, धुराला वाट म्हणून. आणि माजघरात जेवायला बसलेल्या पोरांकडं तिचं तोंड असणार. डोळ्यांत पाणी, तव्यावर भाकर, आणि तोंड पोरांकडं. मंजुळेनं मला एकेक खूण बरोबर सांगितली होती. मी प्रत्येक खूण केली आणि त्यांच्यामध्ये खिडकी ठेवून तिची माय पाठमोरी बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो. लुगड्यातून गाळलेली माती डब्यात उरली होती, ती चिमूटभर घेतली, कातरलेला कापूस घातला, पाणी शिंपडलं. बसायला आलेला एक म्हातारा भाऊबंद म्हणाला, "मिस्त्री, सुतकात माती कालवता?" मी म्हणालो, "सुतक मले हाय. त्या घराले नाई." गज एकेक करून उपसले. खिडकी बुजवली, बोटाचा ठसा उठला तो पुसला, कारण त्या मापात तो राक्षसाचा दिसत होता. चूल उचलून दाराजवळ ठेवली. चिमणी पेटवून तिची काजळी आतल्या भिंतींना, वाशांना, त्या सरकवलेल्या कवेलूच्या कडेला धरली. मग छप्पर ठेवलं, जमिनीवर पालथा पडलो आणि जवाई बसतो तिथून, ओसरीच्या उंचीवरून, आत पाहिलं. ओसरी, माजघर, आणि मागं काळोख. उंबरठ्यावर उजवीकडं, जिथं खड्डा होता, तिथंच तेवढा माजघरातला उजेड पोचत होता. एका चेहऱ्याला पुरेल एवढा.